एकतिसाव्या नावानंतर

१

दर महिन्याच्या एक तारखेला आमच्या वाचनालयाच्या दारातल्या फळ्यावर नव्या ऑडिओबुकांची यादी लागते. डावीकडे कथा-कादंबऱ्या, उजवीकडे बाकी सगळं: चरित्रं, प्रवास, विज्ञान, इतिहास. तीच यादी सभासदांच्या फोनवरही जाते, तरी लोक फळ्यासमोर येऊन उभे राहतातच. या महिन्यात डावीकडे सात पुस्तकं होती आणि उजवीकडे चार. उजवीकडचं चौथं माझं. लिहिलेलंही मी आणि वाचलेलंही मीच.

फळ्यासमोर माझी छाती फुगली होती, हे मी लपवत नाही. का लपवू? कार्यकारी मंडळाला ही पुस्तकं यंत्राच्या आवाजात करून घ्यायची होती. यंत्र खोकत नाही, चहा मागत नाही, वेळेवर येतं, असं अध्यक्षांनी भर सभेत सांगितलं. मी उठून म्हणालो, "मग सभासदही यंत्रंच करून घ्या, पुस्तकं वेळेवर परत येतील." सव्वा तास भांडलो. ठराव पडला. तिसऱ्या मजल्यावरची पुस्तकबांधणीची जुनी खोली ध्वनिमुद्रणासाठी मिळाली ती त्या भांडणातून. चौतीस वर्षं बातमीदारी केलेल्या माणसाला एक खोली मिळवता येऊ नये?

इथे ऑडिओबुकही छापील पुस्तकासारखंच दिलं जातं. एका वेळी एकाच सभासदाला, एकवीस दिवस. त्याने परत केलं की रांगेतल्या पुढच्याला. पहिल्याच दिवशी माझ्या पुस्तकासाठी एकशे बेचाळीस जणांची रांग लागली. डावीकडच्या सातही कादंबऱ्यांना मिळून तेवढी नव्हती.

२

आमची कामाची पद्धत सांगतो, कारण पुढचं सगळं त्या पद्धतीतूनच घडलं.

खोलीच्या मधोमध काच आहे. काचेच्या आत टेबल, मायक्रोफोन, दोन खुर्च्या आणि भिंतींना ठोकलेली जाड घोंगडी. काचेबाहेर ध्वनिमुद्रण करणारा तंत्रज्ञ. त्याला आम्ही कानसेन म्हणतो. दुसऱ्या मजल्यावर कुणी टाचणी पाडली तर तो कपाळाला आठ्या घालतो.

त्याच्या शेजारी छापील पुस्तक आणि पेन्सिल घेऊन माझी थोरली बहीण बसते. ताई एकतीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झाली. वाचणारा चुकला की समासात मिनिट आणि सेकंद लिहायचे, हे तिचं काम. मग तेवढं वाक्य पुन्हा वाचायचं आणि कानसेन ते जुन्या जागी जोडतो.

जोड कळू नये म्हणून प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला एक काम करावं लागतं. वाचणारा मायक्रोफोनसमोर बसतो आणि एक मिनिट काहीच बोलत नाही. त्या मिनिटात नुसती खोली मुद्रित होते. तिला आम्ही खोलीची शांतता म्हणतो. दोन वाक्यांमध्ये कुठे खोकला कापला, कुठे फट राहिली, तर तिथे ही शांतता भरायची. निव्वळ मुकं ठेवलं तर ऐकणाऱ्याला खड्ड्यात पाय पडल्यासारखं वाटतं, असं कानसेनचं म्हणणं. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. दुसऱ्या खोलीची उसनी आणून चालत नाही.

"तुला एक मिनिट गप्प बसवणारा माणूस आयुष्यात पहिल्यांदा भेटला," ताई पहिल्या दिवशी काचेबाहेरून म्हणाली.

३

अकराव्या बैठकीत कानसेनने मला बाहेर बोलावलं. वेळ सकाळची, साडेदहा.

"शांतता चालू असताना तुम्ही पान उलटलंत का?"

"मी हात मांडीवर ठेवून बसलो होतो."

"मग हे काय?"

त्याने ऐकवलं. एकोणचाळिसाव्या सेकंदाला कागद उलटल्याचा आवाज होता. पुस्तकाचं गुळगुळीत पान नव्हे. मोठा, पातळ, खडबडीत कागद. कुणीतरी तो दोन्ही हातांनी धरून उलटला आणि घडीवर एकदा हात फिरवून सरळ केला, असा. हा आवाज मी झोपेतही ओळखेन. वर्तमानपत्राचं पान होतं.

मी आधी कारण शोधतो. ती माझी सवय आहे आणि तिचा मला अभिमान आहे. खालच्या मजल्यावर वर्तमानपत्रं ठेवतात, पण ते दालन इमारतीच्या दुसऱ्या टोकाला. हवेची जाळी मी स्वतः टॉर्च लावून पाहिली. घोंगड्यांमागे हात घातला, टेबल उलटं केलं, माझा सदरा काढून मायक्रोफोनसमोर चुरगाळून पाहिला. कुठूनही तो आवाज निघेना.

"जुनी इमारत आहे, लाकूड बोलतं," मी म्हणालो.

"लाकूड घडी सरळ करत नाही," कानसेन म्हणाला.

ताईने समासात लिहिलं: एकोणचाळीस सेकंद.

आम्ही ती शांतता टाकून दिली आणि नवी घेतली. नवीत पान नव्हतं. तीन वेळा ऐकून खात्री केली. पुढे एकतिसाव्या नावानंतर मला ठसका लागला, तेव्हा कानसेनने तो भाग कापला आणि तिथे नवीतली नऊ सेकंदं भरली.

४

माझ्या पुस्तकातलं एकतिसावं नाव म्हणजे काय, ते सांगायला हवं.

बावीस वर्षांपूर्वी आमच्या खाडीत सकाळच्या फेरीची लाँच उलटली. मालकाने तिकिटांचा हिशोब दाखवून सतरा माणसं गेली असं सांगितलं. चौकशी समितीने सतरा आकडा उचलला, वर सही केली आणि मोकळी झाली. मी मोकळा झालो नाही. चार महिने दोन्ही काठांवर घरोघरी फिरलो. कोण त्या सकाळी निघालं आणि परत आलं नाही, एवढंच विचारत होतो. सतराचे एकतीस झाले. कुंभार, परिचारिका, दोघे सख्खे भाऊ गवंडी, वीजजोडणी करणारा, लग्नाला निघालेली मावशी आणि तिची भाची. प्रत्येकाचं नाव, वय, धंदा आणि त्या दिवशी हातात काय होतं ते.

मालकाने मला कोर्टात खेचलं. त्याच्या वकिलाने पाच दिवस माझी उलटतपासणी घेतली. एक नाव, फक्त एक नाव खोटं निघालं असतं तर त्याने सगळी यादी फेटाळायला लावली असती. निघालं नाही. कारण माझा नियम होता: प्रत्येक नावाला दोन साक्षीदार, एकमेकांना न ओळखणारे. त्या यादीवर एकतीस जणांच्या घरच्यांना न्याय मिळाला. धक्क्यावर त्यांच्या नावांचा दगड आहे.

माझ्या हातून बरंवाईट बरंच लिहिलं गेलं. पण ती यादी मी ताठ मानेने कुठेही वाचेन.

५

पुस्तक सर्वांत आधी मिळालं ते एका म्हाताऱ्या शिंप्याला. डोळे अधू झाल्यापासून तो मशीन सोडून ऑडिओबुकांवर बसला होता. चौथ्या दिवशी तो काठी टेकत आला आणि मला जिन्यातच गाठलं.

"साहेब, पुस्तक जबरदस्त. पण एक विचारू? शेवटच्या नावाला तुम्ही आवाज का बदललात?"

"कुठला आवाज?"

"बाईंचा हो. एकतीस नावं तुम्ही वाचलीत आणि बत्तीस म्हणायला बाई आल्या. छान आवाज आहे, शाळेत वाचतात तसा स्वच्छ. पण आकडा म्हणून गप्पच झाल्या. नाव राहिलं."

"काका, नावं एकतीसच आहेत."

"मी डोळ्यांनी अधू आहे," शिंपी म्हणाला, "मोजता येतं मला."

६

आम्ही तिघं काचेबाहेर बसून वाचनालयातली प्रत ऐकली. दुपारचा एक वाजला होता, खिडकीतून ऊन थेट टेबलावर पडलं होतं. बाहेर रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरं कुणी त्याला शिव्या घालत होतं. असल्या वेळी माणसाला भीती वाटू नये.

माझा आवाज एकतिसावं नाव म्हणाला. वय, धंदा, हातात डबा. मग नऊ सेकंदांची फट.

तिसऱ्या सेकंदाला पान उलटलं. घडीवर हात फिरला. पाचव्याला कुणीतरी श्वास घेतला. दमलेल्या माणसाचा नव्हे. बऱ्याच लोकांना ऐकू जावं म्हणून मोठ्याने वाचणारा माणूस वाक्याआधी घेतो तसा, भरपूर.

"बत्तीस," बाई म्हणाली.

मग माझा आवाज पुढचा परिच्छेद वाचू लागला.

कानसेनने कानांवरचे हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि हात पँटला पुसले. "हे मी जोडलेलं नाही," तो म्हणाला. "आईशपथ."

"मशीन तपास," मी म्हणालो. "कुणीतरी खोडसाळपणा केलाय. लाँचमालकाची माणसं असतील."

त्याने तपासलं. फाईल एक तारखेनंतर कुणी उघडलेली नव्हती. सेकंदाचाही फरक नव्हता. त्याने ती नऊ सेकंदं कापली, दोन्ही टोकं जोडली, पुन्हा ऐकवलं. एकतिसावं नाव, नऊ सेकंदं, पान, श्वास, बत्तीस.

तेवढ्यात ग्रंथपाल बाई वर आल्या. "शिंपीकाकांनी पुस्तक परत केलंय. तक्रार असली तर तपासणीसाठी मला आज चारपर्यंतच अडवून ठेवता येतं. चारला ते पुढच्या सभासदाकडे जाणार."

"पुढचा कोण?"

त्यांनी सांगितलं. लाँचमालकाचा वकील. आता तो पार पिकला होता, पण नवी यादी लागली त्या सकाळी त्याने रांगेत दुसरा नंबर लावला होता.

मला हसू आलं. बावीस वर्षं तो माझी एक चूक शोधत होता. आणि आता माझ्याच आवाजाला चिकटून, बत्तीस हा आकडा त्याच्या कानात जाणार होता. नाव नाही, पत्ता नाही, साक्षीदार नाही. तो म्हणणार, या बाईचं नाव सांगा. सांगता येत नाही? मग बाकीचे एकतीस तरी कशावरून खरे?

७

"पुस्तकच मागे घ्या," मी ग्रंथपाल बाईंना म्हणालो. माझ्या तोंडून हे वाक्य निघेल असं मला वाटलं नव्हतं.

"थांबा हो बाई, पाच मिनिटं," ताई म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "कोण आहे ती?"

"मला काय माहीत?"

"अरे, तू लहानपणी खोटं बोललास की डावा कान चोळायचास. आत्ता चोळतोयस."

मी हात खाली घेतला. कानसेन मशीनकडे बघत बसला. ग्रंथपाल बाई निघून गेल्या, बहुधा मुद्दामच.

मग मी सांगितलं. ते सांगायला मला बावीस वर्षं लागली.

लाँचवरचा एक खलाशी वाचला होता. तो म्हणाला होता, वरच्या डेकवर तिकिटाची माणसं, पण खाली, यंत्राशेजारच्या तळघरात, बिनतिकिटाची माणसं बसायची. टोपल्या उचलणारी. मालक त्यांना उतरल्यावर माल वाहायच्या बोलीवर फुकट आणायचा. त्यांच्यात एक बाई होती. फक्त तिलाच वाचता येत होतं. ती रोज आदल्या दिवशीचं वर्तमानपत्र घेऊन यायची आणि खाडी ओलांडेपर्यंत सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवायची. "तुमच्याच बातम्या वाचायची, साहेब," खलाशी म्हणाला होता. "तुमचं नाव आलं की तेही वाचायची."

"मग?" ताई म्हणाली.

"मग काय? मला वाटलं, मला खूश करायला सांगतोय. इतकं गोड ऐकलं की मी सावध होतो. दुसरा साक्षीदार मिळाला नाही. काठावरच्या एकाही घरातून अशी बाई गेलेली नव्हती."

"ती माणसं काठावरच्या घरात राहत होती का?"

"नसावीत."

"आणि समितीने त्या तळघराबद्दल काय लिहिलं?"

"रिकामं होतं, असं."

"समितीची प्रत्येक ओळ फाडलीस तू. मी कात्रणं ठेवली आहेत. ही फाडलीस?"

नव्हती फाडली. लाँच दोन आठवड्यांत भंगारात तोडली गेली होती, खलाशी कुठे निघून गेला होता आणि माझ्या हातात एकतीस पक्की नावं होती. त्या नावांनी मला मोठं केलं. अहवालातली ती एक ओळ मी जशीच्या तशी मान्य केली, आणि ती मान्य करताना मला काही वाटलं नाही. आता वाटलं. माझ्या नियमाचा मला आजही अभिमान आहे. पण नियम पाळायला दुसरा साक्षीदार शोधावा लागतो. तो आपणहून चालत येत नाही. मी शोधला नव्हता.

"आता काय करणार?" ताईने विचारलं. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

"बत्तिसावं वाचणार. तेच त्या फटीत जोडायचं."

"आणि वकील?"

"येऊ दे त्याला. पाच दिवस उभा होतो, अजून पाच उभा राहीन." हे म्हणताना माझा आवाज चढला, आणि मला बरं वाटलं. सकाळपासून पहिल्यांदा मी मला ओळखीचा वाटलो.

८

मी कागदावर चार ओळी लिहिल्या आणि आत जाऊन बसलो. दार लागलं. त्या खोलीचं दार लागतं तेव्हा कानात बोट घातल्यासारखं होतं.

"आधी शांतता घ्यायची ना?" कानसेनचा आवाज हेडफोनमधून आला.

"पद्धत आहे ती."

मी हात मांडीवर ठेवले. काचेपलीकडे ताई पेन्सिल घेऊन बसली होती. मिनिट गेलं. काहीही ऐकू आलं नाही, आणि ते मला आवडलं नाही. मी वाचायला लागलो.

"बत्तीस. एक बाई. नाव मला मिळालं नाही, कारण मी पुरेसं शोधलं नाही. वय माहीत नाही. माल वाहायची. हातात वर्तमानपत्र. हे एका खलाशाने सांगितलं. दुसरा साक्षीदार नाही. तरीही मी ते लिहितो आहे आणि त्याची जबाबदारी माझी आहे."

झालं. मला वाटलं, झालं. तशी सुटकाही वाटली, थोडी ऐटही. चूक कबूल करायलाही धमक लागते आणि ती माझ्यात आहे, असं काहीतरी मनात येत होतं.

मग पान उलटलं.

या वेळी ते हेडफोनमधून आलं नाही. माझ्या उजव्या हाताला, दुसऱ्या खुर्चीच्या उंचीवर. घडीवर हात फिरला, सावकाश. शाईचा आणि डिझेलचा वास आला. मी मान वळवली नाही. वाचायला बसलो की मी समोर बघतो, म्हणून नव्हे. मला वळवता आली नाही.

मी काचेत पाहिलं. कानसेन उभा राहिला होता. तो माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या उजवीकडे बघत होता. ताईही तिकडेच बघत होती आणि तिने नमस्काराला उचलावा तसा एक हात अर्धवट उचलला होता. काचेत माझं धूसर प्रतिबिंब होतं, आणि माझ्या खांद्याच्या बाजूला उघडलेल्या वर्तमानपत्राचा पांढरट चौकोन. तो धरणारी बोटं दोन्ही कडांना दिसत होती. त्यामागचं मला दिसलं नाही.

भरपूर श्वास घेतल्याचा आवाज झाला.

"तेहतीस," बाई म्हणाली. मग एक नाव. स्वच्छ, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"चौतीस." आणखी एक नाव. "पस्तीस."

तिच्या वाचण्याला घाई नव्हती. बराच मोठा मजकूर समोर असावा आणि तो संपवायला पुरेसा वेळ असावा, तसं ती वाचत होती. पान उलटलं. एकेचाळीस. बेचाळीस. ताईची पेन्सिल कागदावर होती, पण ती लिहीत नव्हती.

काचेपलीकडचं दार उघडलं आणि ग्रंथपाल बाई आल्या. त्यांनी मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवून मला दाखवलं. चार वाजत आले होते. मी तळहात उभा करून त्यांना थांबवलं. चार ओळींचा कागद मी पालथा केला. पेनाचं टोपण काढलं. बावीस वर्षांपूर्वी जे विचारायचं राहून गेलं होतं, ते मी समोर बघतच विचारलं.

"जरा थांबा. बेचाळिसाव्याचं वय किती होतं? आणि घरी कोण कोण होतं?"

कागद सळसळायचा थांबला. माझ्या उजवीकडे खुर्ची माझ्या बाजूला वळल्याचा आवाज झाला.